दोन घ्यायला गेला, दोन देऊन बसला!

ऐकलंत का, बाप्पा? धानाचे पुंजणे तसेच पडलेत, मळणीला माणूस मिळेना, आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडची पोट्टी मुरमाच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारतायत! दिवाळी सरली की इकडे नाटकांचा हंगाम. वडशाच्या कंपनीने परवा रात्री पडदा उघडला, खलनायक मिशी पिळत आला, तर प्रेक्षकांतून एक शिवी नाही. पुढच्या रांगेत वाद संध्याकाळच्या कबड्डीचा: त्यानं एक घेतला का दोन?

एक गडी मारला तर आता टाळीसुद्धा पडत नाही! २०१४ साली प्रो कबड्डी टीव्हीवर आली आणि लोकांची जीभ चटावली. २०१७ मध्ये पाटण्याच्या परदीप नरवालने हरियाणाविरुद्ध एका चढाईत सहाच्या सहा गडी मारले. अख्खा संघ बाद केल्याच्या लोणाचे दोन धरून आठ गुण. तेव्हापासून ज्याच्या त्याच्या अंगात परदीप.

मग व्हायचं तेच होतं. समोर तिघेच उरलेले. दोघे मनगटं धरून साखळीत, तिसरा मुद्दाम एक पाऊल पुढे. चढाईवाल्याने त्याला शिवलं. मध्यरेषा हातभर लांब. परत फिरावं ना! छे, दुसराही हवा. वाकला, आणि घोटा कोपऱ्यातल्याच्या पंजात. सुपर टॅकल! तिघे किंवा त्याहून कमी गडी असताना पकड झाली की दोन गुण. हा नियम आपल्या स्पर्धेत आहे की नाही, यावर पुढे अर्धा तास भांडण.

असं एका झटक्यात दोनाचं काम करणाऱ्याची कदर बघावी ती अमेरिकेत. तिकडे बेसबॉलमध्ये एका चेंडूवर दोघे बाद झाले की डबल प्ले, आणि चेंडू टाकणाऱ्या कुठल्या पिचरने जन्मभरात असे किती करवले याचा चोख हिशेब ठेवतात. टॉमी जॉन हा डावखुरा २६ हंगाम खेळला. वेग बेताचा, पण चेंडू असा खाली बुडायचा की फलंदाज तो जमिनीलगतच हाणणार, आणि आपल्याबरोबर पळणाऱ्यालाही घेऊन बुडणार. आमचा कोपऱ्यातला गडी त्याच जातकुळीचा. पण त्याचा हिशेब ठेवतो कोण? बक्षीस चढाईवाल्याला, याला नुसते सोललेले गुडघे.

अगदीच कदर नाही असंही नाही म्हणा. एका सोयरिकीत मुलीच्या मामाने जमिनीआधी विचारलं, "पोरगा चढाईचा का पकडीचा?" पकडीचा म्हटल्यावर मामा खूश. म्हणाला, "मग जमवा. चढाईवाल्याचा घरी परत येण्याचा काय भरवसा?"