वाढत्या हाडास खुले पत्र

श्री. नडगीचे हाड (डावे),
मु. खांडबारा, ता. नवापूर, जि. नंदुरबार.



आपण गेल्या वर्षी कोणाचीही पूर्वपरवानगी न घेता बोटभर वाढलात. आपले मालक, म्हणजे माझा सात वर्षांचा भाचा, यांचे माप दिव्यांगांच्या सरकारी शिबिरात रीतसर घेतले होते. खुर्ची आली ती बरोबर त्याच मापाची. चूक आपली.

सेरेब्रल पाल्सीच्या लेकराला कंबर, गुडघा आणि घोटा काटकोनात धरणारी खुर्ची लागते. नाहीतर मान लोंबते, घास अडकतो. आपल्यामुळे गुडघे वर आले. बहिणीने बैठकीवर गोधडीची घडी घातली. गुडघे उतरले, पण छातीचा पट्टा पोटावर आला.

सरकारने आपल्याला सवलत दिली नाही असे नाही. दिव्यांगांना साधने देणाऱ्या 1981 पासूनच्या एडिप योजनेत मोठ्यांना तेच साधन तीन वर्षांनी मिळते, बारा वर्षांखालच्या मुलाला एका वर्षाने. म्हणजे वाढायला मंजुरी आहे. आपण फक्त वर्षातून एकदा, शिबिराच्या आदल्या रात्री वाढावे. दिवाळीनंतर घरची मंडळी ऊसतोडीला सुरतेची गाडी धरतात. नेमके तेव्हाच शिबिर लागले, तर आपण दाखले घेऊन इथेच थांबावे.

बाजारातून खुर्ची घ्यावी म्हणाल, तर तिच्या किमतीत कोयता किती महिने चालवावा लागेल याचा हिशेब मेहुण्यांनी केला आणि पाटी पुसून टाकली. त्यात 2017 साली जीएसटी आला, तेव्हा व्हीलचेअरवरही 5 टक्के बसला. चाक म्हटले की कर आलाच!

तसा ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्चायचा असतो. तो शिलाई मशीन नि सत्काराच्या शाली सोडून कधी खुर्चीच्या दुरुस्तीवर पडला, तर आपल्याला हे पत्र लिहायची वेळ येणार नाही. पण दुरुस्तीचा फोटो कुठे चांगला येतो?

तरी पुढील शिबिरापर्यंत आहे तेवढेच राहावे. कसूर झाल्यास लेखी खुलासा द्यावा.

आपला,
मामा

ता. क. काल स्टँडजवळच्या वेल्डिंगवाल्याने पायाची पाटी दोन इंच खाली घेतली. पैसे विचारले तर दांडीकडे बोट दाखवून म्हणाला, ‘‘खाली अजून दोन भोकं पाडून ठेवलीत. वाढू दे त्याला.’’