विमानकाका

मुलगा न्यू जर्सीत स्थायिक झाला की पुण्यातल्या भल्या माणसाचा विमानकाका व्हायला फार दिवस लागत नाहीत. बँकेतून निवृत्त, साखर आटोक्यात, आणि फोनवर आकाशातली विमानं दाखवणारं ॲप. तुम्ही फक्त "भाची न्यूयॉर्कला चाललीय" एवढं म्हणायचं.

"डायरेक्ट की व्हाया?"

"व्हाया दुबई."

काका भाचीची कीव केल्यासारखे हसतात. "मुंबई-नेवार्क सरळ साडेबारा हजार किलोमीटर. कशाला वाटेत उतरायचं?"

सरळ म्हणजे कसं, हे विचारू नका. विचारलंत तर ते नातवाचा पृथ्वीगोल आणि काकूंच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन येतात. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबायचं, दुसरं नेवार्कवर, आणि ताणायचं. दोरा अरबस्तानाकडे न वळता थेट उत्तरेला सरकतो. मॉस्कोच्या जवळून आइसलंड, तिथून ग्रीनलंडचं खालचं टोक. "नकाशा सपाट, पृथ्वी गोल!" काका विजयी मुद्रेने सांगतात. प्रत्यक्षात विमान याच वाटेने जाईल असं नाही. युद्धं आणि बंद केलेल्या हवाई हद्दी दोऱ्याला कळत नाहीत. पण दोरा हातात असताना काका राजकारणावर बोलत नाहीत. तेवढाच काय तो विसावा.

एकदा शेजारच्या काकूंनी तिकीट पाहून विचारलं, "रात्री दीडला निघून सकाळी सातला पोचतं? साडेपाच तासांत अमेरिका?" काकांनी डोळे मिटले. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यामागे साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ. म्हणजे साडेपाच अधिक साडेदहा, सोळा! येताना मात्र चौदा-साडेचौदा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचे वारे वाहतात, ते विमानाला पाठीमागून ढकलतात. हे वारे आपणच सोडल्यासारखं काका सांगतात. कुणी सोळा तासांबद्दल कुरकुर केली की सिंगापूर-न्यूयॉर्क काढतात: पंधरा हजार तीनशे किलोमीटर, अठरा तासांच्या वर, मध्ये कुठेही न थांबता.

या हिशेबात पुणे-मुंबई कुठेच येत नाही. वास्तविक विमान दीडचं असलं तरी काका संध्याकाळी सहालाच टॅक्सी दारात उभी करतात, कारण घाटाचा भरवसा नाही. मग चेक-इनची रांग, इमिग्रेशनची रांग, तिकडे उतरल्यावर पुन्हा रांग, नंतर बॅगांच्या पट्ट्यापाशी लोणच्याच्या बरणीची काळजी.

हा सगळा हिशेब काकू ठेवतात. घर ते घर सव्वीस तास. ज्यांना खरोखरच जायचंय, त्यांनी काकूंचा आकडा धरावा.