आवळा, कोहळा आणि तांब्याची नळी

घरच्या घरी हीट पंप जुळवून त्यावर आंघोळीचं पाणी तापवणाऱ्या माणसाकडे दोन प्रकारचे लोक संशयाने बघतात. शेजाऱ्यांना वाटतं, याने फ्रीज उलटा करून ठेवलाय. शेजाऱ्यांचं बहुतेक बाबतीत चुकतं, पण इथे ते बरोबर आहेत. फ्रीज आतल्या दुधाभाज्यांची उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. हीट पंपात त्या टाकाऊ उष्णतेलाच मानाचं पान असतं. दुसरे संशयी म्हणजे दहावीचं विज्ञान अजून न विसरलेले. एक युनिट वीज घालून तीन युनिटांची उष्णता मिळते, हे ऐकून त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. आवळा देऊन कोहळा काढायला निसर्ग काय दुधखुळा आहे? आक्षेप रास्त आहे, पण गैरसमजातून आलेला. गिझर उष्णता तयार करतो, म्हणून एकाला एकच देतो. हीट पंप ती फक्त वाहून आणतो. हमालाने तांदळाचं पोतं माडीवर चढवलं, म्हणजे तांदूळ त्याने पिकवला असं होत नाही. त्याला द्यायची ती मजुरी. हे गणित विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिननी, 1852 मध्येच मांडलं होतं. ग्लासगोच्या थंडीत राहणाऱ्या माणसाला ते सुचावं यात नवल नाही. त्याच दशकात ऑस्ट्रियात पीटर फॉन रिटिंगर यांनी एबेन्सेच्या मीठ कारखान्यात खारं पाणी आटवायला याच तत्त्वाचं यंत्र चालवून दाखवलं. तेव्हा शास्त्राची चिंता नको. चिंता करायची ती घरगुती कारागिराच्या हिशेबाची.

कारण तो सगळ्यांना सांगतो की हे बिल वाचवण्यासाठी चाललंय. बघू. 100 लिटर पाणी 25 अंशांवरून 55 अंशांवर न्यायला साधारण साडेतीन युनिटं लागतात. एकाला तीन या हिशेबाने हीट पंप ते काम सव्वा युनिटाच्या आत करतो. रोजची बचत सव्वादोन युनिटांच्या जरा वर. आठ रुपये दर धरला तर अठरा रुपये. जुना कॉम्प्रेसर, टाकी, पंखा, नळी, मेकॅनिकची मजुरी मिळून वीस हजार गेले असं धरलं, तर वसुलीला तीन वर्षं लागतात, तीही रोज आंघोळ केली तर. भंगारातला कॉम्प्रेसर तीन वर्षं टिकेल याची हमी भंगारवालाही देत नाही, आणि तो एरवी कशाचीही हमी देतो. माझं म्हणणं एवढंच, की यंत्र चोख आहे, पण त्याचं समर्थन पैशात करू नये. हौसेला मोल नाही असं आपल्याकडे म्हणतात, ते हौशी माणसाच्या वह्या बघूनच म्हटलं असणार.

आणि हौसेचा सगळा ऐवज त्या नळीत आहे. तीन-अष्टमांश इंची मऊ तांब्याची नळी 15 मीटरच्या चपट्या वेटोळ्यात मिळते. वजन तीन किलोच्या आसपास. ती रिकाम्या गॅस सिलिंडरभोवती गुंडाळली की चौदा-पंधरा वेढे बसतात. पहिले वेढे लोण्यासारखे वळतात आणि माणसाला आपण जन्मजात तांबट आहोत असं वाटू लागतं. मग टोकाशी काटकोन करायची वेळ येते. तिथे स्प्रिंग न घालता नुसता अंगठा लावला की नळी चेपते, आणि सरळ करायला जावं तर आणखी कडक होते. तांबं जितकं वाकवाल तितकं हट्टी होत जातं. पुन्हा लाल होईपर्यंत तापवलं तरच नरमतं. वाकवण्याआधी आत वाळू भरण्याची जुनी युक्ती इथे मात्र चालत नाही, कारण मागे राहिलेले वाळूचे कण कॉम्प्रेसर खराब करतात. एवढं जमल्यावर घरातली वडीलधारी मंडळी समाधानाने म्हणतात, बरं झालं, तांब्याचं पाणी प्रकृतीला चांगलं. बंबावर वाढलेल्या पिढीची श्रद्धा आहे ती. त्यांना हळूच सांगावं लागतं की या नळीतून पाणी जात नाही, गॅस जातो. म्हणूनच हे वेटोळं टाकीच्या आत बुडवू नये, बाहेरून गच्च गुंडाळावं, मध्ये उष्णता वाहणारी पेस्ट भरावी. उष्णता थोडी कमी पोचेल. पण बोअरच्या जड पाण्याने आतली नळी कुरतडली, तर गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही टाकीत उतरेल, आणि दिवाळी नसताना अभ्यंगस्नान घडेल.

हौसेची हद्द गॅसपाशी संपते. जुन्या विंडो एसीत बहुधा आर-22 असतो, किलोच्या आसपास. तो करवतीने नळी कापून हवेत सोडला, तर 1,800 किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्याइतकं तापमानवाढीचं पाप लागतं. आपल्या कोळशाच्या विजेचा एक युनिट वाचला की वाचतो पाऊण किलोच्या आतबाहेर. म्हणजे पर्यावरणासाठी हीट पंप करणाऱ्याने पहिल्या पाच मिनिटांत पुढच्या तीन वर्षांचं पुण्य उडवलेलं असतं. गॅस काढणं, झाळणं, व्हॅक्यूम करणं, भरणं ही मेकॅनिकची कामं, आणि त्यात कमीपणा नाही.

यावर हमखास विचारलं जातं, की मग सोलर का नको? गच्ची स्वतःची असेल तर जरूर सोलर. पण फ्लॅटवाल्याची गच्ची सोसायटीची असते आणि जुलैतला सूर्य कोणाचाच नसतो. हीट पंपाचा मात्र मुंबई-कोकणच्या दमट हवेत जम बसतो: थंड कॉइलवर एक लिटर दव जमलं की त्यातूनच युनिटाच्या दोन-तृतीयांश उष्णता मिळून जाते. त्याचं खरं वैर आपल्या कढत पाण्याच्या हट्टाशी आहे. पाणी जितकं गरम मागाल तितकी हमालाची मजुरी वाढते, आणि आपण ते भाजेल इतकं तापवून मग त्यात गार पाणी ओततो. अट्ठेचाळीस-पन्नास अंश पुष्कळ झाले. साठवलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून आठवड्यातून एकदा साध्या हीटरने साठापर्यंत न्यावं.

राहता राहिली थंड हवा, जी फुकट मिळते म्हणून कोणालाच विचारात घ्यावीशी वाटत नाही. गार कॉइल न्हाणीघरात बसवली, तर डिसेंबरातल्या पुण्यात माणूस ज्या हवेत उघडा उभा आहे तिचीच ऊब काढून त्याचं पाणी तापेल. हॉलमध्ये बसवली तर कॉम्प्रेसरच्या घरघरीत बातम्या ऐकू येणार नाहीत. उरतं स्वयंपाकघर. मे महिन्यात पोळ्या लाटणाऱ्या माणसाला मत विचारलं, तर बिल, वसुली आणि केल्व्हिन यातलं काहीही न ऐकता ते यंत्र मंजूर होण्याचा संभव आहे.