आधी वाटप, मग चाळण

रबाळ्याच्या एमआयडीसीत आता कारखान्यांच्या शेजारी डेटा सेंटरं थाटली आहेत. तिथल्या कुठल्याही नवशिक्या पोराला विचारा, एका टेबलातल्या ओळी दुसऱ्या टेबलाशी ताडून वगळायच्या कशा? चहा संपायच्या आत तो 'नॉट एक्झिस्ट्स' लिहून दाखवेल. वर बजावेल, 'नॉट इन' जपून. दुसऱ्या यादीत एक जरी नल, म्हणजे रिकामी नोंद, निघाला, तर उत्तरात एकही ओळ येत नाही. डेटाबेसचा बाणा असा, की खात्री नाही ना, मग कुणालाच नाही.

सरकारचं बरोब्बर उलटं. जुलै २०२४ पासून 'लाडकी बहीण' योजनेत महिलांना महिना १,५०० रुपये सुरू झाले. सरकारी नोकर बाद, चारचाकीवाले बाद, हे नियमांत होतंच. नोकरांची यादी सरकारच्याच पगारपत्रकात, गाड्यांची आरटीओत. पण नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक! मग खात्री नाही ना, तर सगळ्यांनाच. कसून ताडणी सुरू झाली ती मतमोजणीनंतर. जुलै २०२५ मध्ये मंत्री आदिती तटकरे यांनी आकडा सांगितला: २६.३४ लाख लाभार्थी अपात्र. बहिणींत काही भाऊही निघाले.

अशा ताडणीची क्वेरी चार ओळींची असते. मतदानाआधी ती कुणी चालवत नाही, इतकंच.