यादीग्रस्ताचा अर्ज

प्रति,
माननीय यादीप्रमुख साहेब,
(कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. फुकटची जाहिरात ही तुमची विद्या, माझी नव्हे.)

विषय : आपल्या ई-मेल यादीतून एक मयत इसम कमी करणेबाबत.
संदर्भ : आपली 'वुई मिस यू' ही मेल, मंगळवार, सकाळी ६ वाजून १० मिनिटे.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, आमचे बाबा आपल्याला आठवतात हे वाचून बरं वाटलं. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. भावकीतल्या लोकांना वर्षश्राद्धाची तारीख आता फोन करून सांगावी लागते, आणि आपण मात्र कोंबडा आरवायच्या सुमाराला त्यांच्या नावाने पत्र धाडता : 'बऱ्याच दिवसांत तुम्ही दिसला नाहीत. आम्हाला तुमची आठवण येते.' खाली हसऱ्या जोडप्याचा फोटो. त्याखाली लाल बटण : 'परत या.'

साहेब, ते परत आले तर आम्हाला हवेच आहेत. तुमच्या बटणाने येतील असं मात्र वाटत नाही.

मेल मी आईला वाचून दाखवली, ही माझी चूक. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मेलेल्या मानसाला चिठ्ठी कोन धारतंय?" मी म्हटलं, कंपनी. तिने सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. गैरलागू गोष्ट यादीतून कशी काढायची याचं इतकं सोपं प्रात्यक्षिक मी दुसरं पाहिलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, नाव काढायची सोय मेलच्या तळाशी दिलेली आहे. आहे की. मुंगीच्या डोळ्याएवढ्या अक्षरांत, पांढऱ्यावर राखाडी. मी ती शोधली, दाबली. पान उघडलं. त्यात विचारलं होतं, 'तुम्ही आम्हाला का सोडून जात आहात? कारण निवडा.' पर्याय चार : मेल फार येतात, विषयात रस नाही, मी नाव नोंदवलंच नव्हतं, इतर. 'मी वारलो' असा पर्याय नव्हता. म्हणून 'इतर' निवडून मी बाबांच्या वतीने तारखेसकट लिहिलं, की सदर गृहस्थांचं निधन झालं आहे. लगेच उत्तर आलं : 'धन्यवाद! तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' आणि बरोबर आठव्या दिवशी ही आठवण. दहावं झालं असतं तर निदान कावळा तरी शिवला असता.

भल्या पहाटेची वेळ, 'डिअर' म्हणण्याची सलगी, आमच्या आडनावाचं दर वेळी नव्याने केलेलं वाटोळं, आठवड्यात तीनदा येणारी 'शेवटची संधी' (या महिन्यात अकरा शेवटच्या संधी झाल्या), या किरकोळ तक्रारी सोडून देतो. खरी तक्रार पुढे आहे.

तुमचा माल काय? जमीन. कुठे? 'अटल सेतूच्या पायथ्याशी, मुंबईपासून अवघ्या काही मिनिटांवर, तिसऱ्या मुंबईच्या वेशीवर : जासई!' आणि मोठ्या अक्षरांत : 'पुढच्या पिढ्यांसाठी जमीन घेऊन ठेवा.'

आमच्या बाबांना. जासईत. जमीन.

साहेब, तुमचा नकाशा रंगीत आहे, त्यात आमचं गाव 'हॉट लोकेशन' म्हणून लाल टिंबाने दाखवलंय. ते टिंब कसलं ते सांगतो. १९७० साली सिडको झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी जायच्या ठरल्या. मग न्हावा-शेवा बंदर आलं. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील उभे राहिले. ते या गावचे, इथेच जन्मलेले. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, जासई आणि न्हावा-शेवा परिसरात पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसं गेली. पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन शेतकऱ्याला परत द्यायची योजना आली, ती या पाच जणांच्या रक्तावर आली. आमचे बाबा तेव्हा सव्वीस वर्षांचे. संध्याकाळी घरी आले तेव्हा पाठीवर काठीचा वळ होता आणि एकाच पायात चप्पल. दुसरी शोधायला ते गेले नाहीत. उरलेली आईने बरीच वर्षं माळ्यावर ठेवली होती.

त्या माणसाला तुम्ही त्याच्याच बांधावरचा तुकडा, स्क्वेअर फुटाच्या भावाने, 'सुलभ हप्त्यांत' देऊ करता. जिवंत होते तेव्हा भाताचं खाचर गेलं, आता मेल्यावर तेच विकत घ्या म्हणता. लाज हा शब्द तुमच्या यादीत आहे का हो? नसेल तर घाला. तो फुकट आहे.

इथे मला थोडं थांबलं पाहिजे, कारण बाबांचं नाव तुमच्याकडे पोचवलं मीच. उरणला एका मंडपात गृहकर्जाचा मेळावा होता. दारात लकी ड्रॉचा खोका, पहिलं बक्षीस टीव्ही. बाबांच्या नावाने ई-मेल खातं मीच उघडून दिलं होतं, चिठ्ठीवर पत्ता मीच लिहिला. त्या चिठ्ठीवर नाव, फोन, मेल आणि 'वार्षिक उत्पन्न' असे रकाने होते. 'तुमची चिठ्ठी आम्ही कोणाकोणाला विकू' असा रकाना नव्हता. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला. त्यात हल्ली हळद असते. एका डब्याच्या बदल्यात एक माणूस, आणि तो माणूस हातोहात फिरत फिरत तुमच्या एक्सेलमध्ये येऊन बसला. मेला तरी उठत नाही.

आता धंद्याचं बोलतो, कारण मीही धंदा करतो. हसू नका. बायको आणि मी सुकी मासळी आणि आगरी मसाला विकतो. सुके बोंबील, जवळा, वाकट्या. आमचीही ई-मेल यादी आहे. त्यात १४३ नावं आहेत. एकही विकत घेतलेलं नाही. वाशीच्या एका प्रदर्शनात आम्ही वही ठेवली होती. ज्याने जवळा चाखून पाहिला आणि 'पुन्हा कधी येईल?' असं विचारलं, त्यालाच वही पुढे केली. घरी येऊन प्रत्येकाला एक मेल : तुम्हीच नाव दिलंत ना? 'हो' दाबा, नाहीतर विसरून जा. साठेक जण विसरून गेले. बायकोला हळहळ वाटली, मला नाही. नको असलेल्या माणसाला बोंबलाचं पत्र पाठवणं म्हणजे जैनाच्या दारात जाळं वाळत घालणं.

महिन्याला एकच पत्र जातं. यंदा जवळा कसा आहे, मसाला कधी कुटला, मिरची कोणती, भाव का वाढला. ठाण्याच्या एक बाई श्रावण लागला की नाव काढून घेतात आणि गणपती गेले की पुन्हा घालतात. तीन वर्षं हे चाललंय. गेल्या वर्षी त्यांना पुन्हा नाव घालायला दोन दिवस उशीर झाला तर आम्हालाच चुकल्यासारखं झालं. याला म्हणतात आठवण येणं. तुमच्या एक लाख नावांत अशी एक बाई दाखवा.

आणि हे शहाणपण आमचं नाही, आमच्या चुलत्यांचं आहे. लग्नाच्या पत्रिका वाटायची त्यांची एक वही आहे, लाल बांधणीची. कोणत्या घरचे हळदीला येतात, कोण नुसते लग्नाला, कोण माणूस न येता फक्त आहेर पाठवतं, सगळं त्यात. तुमच्याकडे यालाच सेगमेंट की काय म्हणतात, आणि त्याचे वेगळे पैसे घेतात. घरात कोणी गेलं की चुलते त्याच आठवड्यात वही काढतात, नावावर एक बारीक आडवी रेघ मारतात, खोडत नाहीत, आणि खाली थोरल्या मुलाचं नाव लिहितात. दुखवट्याचं घर असेल तर आधी नुसतं बसून यायचं, पत्रिका नंतर. सातबाऱ्यावरसुद्धा उशिरा का होईना वारस नोंद लागते, साहेब. तलाठ्याला जमतं ते तुम्हाला जमत नाही, याहून मोठी शिवी आमच्या भागात नाही.

न विचारता पत्र पाठवायची परंपरा तुम्ही सुरू केलीत असंही नाही. १९७८ साली अमेरिकेत एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने चारशेच्या आसपास लोकांना एकच जाहिरात धाडली होती. तो तुमचा मूळपुरुष. पण आपल्याकडे दुसरंही घराणं आहे. १९२० साली किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने 'किर्लोस्कर खबर' नावाचं पत्रक काढलं. माल काय, तर लोखंडी नांगर. पण शंकरराव किर्लोस्करांनी त्यात असा मजकूर घातला की पुढे त्याचं मासिक झालं आणि लोक वर्गणी भरून ते वाचू लागले. वर्गणीदार! हा शब्द जरा जिभेवर घोळवून पाहा. पदरचे पैसे देऊन तुमच्या पत्राची वाट पाहणारा माणूस. नांगरवाल्यांना तो मिळाला. तुम्हाला नांगर फिरवलेली जमीन विकायची आहे आणि वाट पाहणारा एक माणूस नाही.

बरं, माणुसकी सोडा, हिशेब तरी बघा. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगलने ठोक मेल पाठवणाऱ्यांना नियम लावलेत : हजारातल्या तिघांनी 'स्पॅम' म्हणून बोट दाखवलं की तुमची पत्रं अडायला लागतात, आणि नाव काढायचं काम एका दाबात झालं पाहिजे. वापरात नसलेले जुने पत्ते तर मेलवाल्या कंपन्या पिंजऱ्यासारखे लावून ठेवतात. त्यावर जो पत्र पाठवेल तो यादी न झाडणारा, हे त्यांना आपोआप कळतं. म्हणजे मेलेली माणसं तुम्हाला पकडून देतात. वैयक्तिक माहिती जपायचा कायदाही आहे, २०२३ चा, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले आणि तुम्हाला दीड वर्षाची सवलत मिळाली. संमती देणं जितकं सोपं, तितकंच काढून घेणं सोपं हवं, असं त्यात आहे. आणि कलम १४ मध्ये माणूस मेल्यावर त्याच्या वतीने हे हक्क कोणी चालवायचे, त्याचं नाव आधीच लावून ठेवायची तरतूद आहे. दिल्लीत कायदा लिहिणाऱ्याला माणसं मरतात हे ठाऊक होतं.

मग तुम्ही विचाराल, मेलेल्या माणसाचं खातं उघडं ठेवलंय कशाला? दोन वर्षं कोणी उघडलं नाही तर गूगल खातं पुसून टाकू शकतं, म्हणून मी अधूनमधून आत जातो. त्यात पाठवलेल्या पत्रांच्या कप्प्यात एकच पत्र आहे. मी पुण्याला नोकरीला होतो तेव्हा बाबांनी एका बोटाने टाइप केलेलं. 'जेवलास का.' प्रश्नचिन्ह सापडलं नसावं. ते पत्र पाहायला मी जातो आणि वर तुमच्या तीनशे मेलींचा ढीग असतो.

मंगळवारी मात्र राहवलं नाही. मेलमध्ये 'तुमचे रिलेशनशिप मॅनेजर' म्हणून नंबर होता. फोन लावला. शिव्या तयार होत्या, चांगल्या अस्सल. पलीकडे बावीस-तेवीसचं पोरगं. मी बोलत सुटलो, ते ऐकत राहिलं. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा म्हणालं, "सॉरी सर. एक्सेल वरून येते. मला काढायची परमिशन नाही." बोलण्यावरून वाटलं म्हणून विचारलं, कुठला रे तू? उरणचाच निघाला. म्हणालं, "आमची पण गेली, सर. पोर्टात." मग थोडा वेळ दोघेही गप्प. आणि मग अगदी हळू आवाजात, जसं काही कोणी मागे उभं आहे : "सर, साइट व्हिजिट केलीत तर माझा एक काउंट होईल. घ्यायचं काही नाही. नुसतं यायचं." महिन्याचे तीस हवेत म्हणे. अकरा झाले होते, तारीख चोवीस.

तेव्हा यादीप्रमुख साहेब, तुमच्यासाठीचं पत्र इथे संपलं. पुढचं त्याच्यासाठी आहे, त्याला द्या.

बाळा, तुझी साइट आमच्या घराच्या मागे आहे. चालत बारा मिनिटं. तिथे पूर्वी काय होतं ते मी तुला दाखवतो, बांध अजून थोडा दिसतो. शनिवारी सकाळी येतो, आईलाही आणतो, दोन काउंट घे. रजिस्टरमध्ये सही कर म्हणशील तर करीन, मेल आयडी लिही म्हणशील तर माझा लिहीन. आमच्या बाबांचं नाव तेवढं काढ.