घरच्याघरीवाले बापू

चामड्याचे बूट पॉलिशने चमकतात, हे घरच्याघरीवाल्या बापूंना मान्य नाही. कंपनी, दुकानदार आणि जाहिरातवाले यांनी संगनमताने चालवलेली लूट म्हणजे पॉलिश, आणि तिचा बीमोड करायला घरातली एक वाटी साय पुरते, असं त्यांचं ठाम मत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरात आणि एकूणच वारणा खोऱ्यात अशा बापूंची वाण नाही. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, दारात म्हैस, मुलगा पुण्यात कंपनीत, आणि लग्नकार्य, सभा व बँकेतल्या साहेबांची भेट एवढ्यापुरताच बाहेर निघणारा काळा बूटजोड. रविवारी सकाळी बापू सोप्यात पोतं अंथरतात, फाटक्या बनियनचा बोळा करतात आणि आत हाक देतात, ‘‘अगं, वाटीत जरा साय आण.’’ आतून उत्तर येतं, ‘‘तुपाला ठेवलीया ती!’’ तरी वाटी येते. मग बोटाच्या टोकावर थोडी साय, बुटाच्या नाकावर गोल गोल चोळणं, मध्येच तोंड जवळ नेऊन ‘हाऽ’ करून सोडलेली वाफ, पुन्हा चोळणं. अर्ध्या तासाने बुटात स्वतःची मिशी दिसली की बापू रस्त्याने जाणाऱ्याला थांबवतात. ‘‘बघा की मास्तर, एक रुपाया खर्च न्हाई!’’ मास्तरांना बघावंच लागतं.

लोक बापूंना कंजूष म्हणतात आणि इथेच त्यांच्यावर अन्याय होतो. कंजूष माणसाला हिशेब येतो; बापूंचा हिशेब बघा. दुधाचा भाव ठरतो तो फॅट आणि एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून उरलेले घन घटक) बघून. म्हशीच्या दुधात साधारण सहा-सात टक्के फॅट असते आणि शेतकऱ्याचं बिल मुख्यतः तिच्यावर उभं राहतं. हेच बापू संध्याकाळी गावच्या डेअरीत फॅट एका पॉइंटने कमी लागली म्हणून यंत्रावर संशय घेतात, सचिवाला पुन्हा नमुना लावायला सांगतात, चार लोकांत आवाज चढवतात. आणि सकाळी तीच फॅट डाव्या-उजव्या बुटांना सारखी वाटून टाकतात. पॉलिशची छोटी डबी, बूट इतके कमी वापरात असतील तर, वर्ष सहज काढते. दर रविवारच्या सायीचं तूप किती झालं असतं आणि त्यात किती डब्या आल्या असत्या, हे बापूंच्या कारभारणीला तोंडपाठ आहे. तेव्हा पैसा वाचवणं हा बापूंचा हेतू असूच शकत नाही. त्यांना दुकानावर मात करायची असते. जगाने विकत आणलेली गोष्ट आपण विकत न आणता उरकली, या समाधानासाठी ते कितीही महाग किंमत मोजायला तयार असतात. फक्त ती रुपयांत मोजायची नाही, एवढीच अट.

आता बूट चमकतो का? चमकतो, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न चमक कशाने येते, हा आहे. दुधात ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे साधं दूध लावणाऱ्याचा बूट मुळात ओल्या फडक्याने पुसला जातो. सायीने त्यावर स्निग्धाचा पातळ थर बसतो, आणि बापूंचं अर्ध्या तासाचं मनगट तो एकसारखा करतं. तेवढा वेळ कोरड्या बनियननेच घासलं असतं, तरी मिशीचा निम्मा भाग दिसला असता. पॉलिशमध्ये मेण असतं, टर्पेंटाइनसारख्या द्रावकात मुरवलेलं. द्रावक उडून जातं, मेण मागे राहतं आणि ते नासत नाही. दुधाचं स्निग्ध नासतं. ते फुटलं की ब्युटिरिक आम्ल सुटतं, आणि जुन्या लोण्याला येतो तो खवट वास बुटाला येऊ लागतो. त्यात आषाढ. पन्हाळ्याच्या बाजूने धार लागली की खाटेखालच्या बुटावर पांढरी-हिरवी बुरशी धरते, मुंग्यांची रांग लागते, आणि मांजर त्या जोडाकडे भलत्याच आपुलकीने बघू लागतं. लग्नात पंगतीपूर्वी बूट काढायची वेळ येते तेव्हा पाहुण्यांमध्ये कुजबुज होते ती या वासाचीच.

इथे बापूंचा पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. ‘‘आमच्या कोल्हापुरी चपलेला कुठं पॉलिश लागतंय? तेल द्यायचं, झालं!’’ खरं आहे. कोल्हापुरी चपलेचं चामडं परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं असतं. ते तेल पितं, मऊ पडतं, चावायचं थांबतं. पण बाजारातल्या बहुतेक काळ्या बुटांचं चामडं क्रोमने कमावलेलं असतं आणि वरून रंग व रेझिनचा थर चढवलेला असतो. त्याला तेल दिलं तर ते वरच तरंगतं आणि धूळ गोळा करतं. शिवाय बापू सोयीस्करपणे विसरतात की चपलेचं चामडं घरात आपोआप कमावलं जात नाही, त्यामागे कारागिराच्या पिढ्यांचं कसब असतं. २०२५ साली मिलानच्या रॅम्पवर प्राडा या फॅशन कंपनीने श्रेय न देता कोल्हापुरीसारख्या चपला चालवल्या तेव्हा चिडलेल्यांत बापू सर्वांत पुढे होते. या कारागिराला त्याच्या कसबाचे पैसे मिळाले पाहिजेत, हे त्यांना अगदी पटतं. मात्र स्वतःचा टाच निघालेला बूट घेऊन चौकातल्या कारागिराकडे जायची वेळ येते तेव्हा ते घरी फेविकॉल शोधतात.

दुसरा आक्षेप बापूंनी अजून घेतलेला नाही, पण घेतला तर मला तो अर्धा मान्य करावा लागेल. बुटाच्या पॉलिशमध्ये एके काळी खरोखरच स्वयंपाकघर होतं. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये बुटाला लावायचं काळं ‘ब्लॅकिंग’ हाडांच्या कोळशात काकवी, व्हिनेगर, तेल आणि थोडं गंधकाम्ल घालून करत. चार्ल्स डिकन्स बारा वर्षांचा असताना, १८२४ साली, अशाच एका कारखान्यात ब्लॅकिंगच्या बरण्यांवर लेबलं चिकटवायच्या कामाला होता. ही माहिती वारणानगरात पसरली तर अनर्थ होईल, कारण तिथे साखर कारखाना आहे आणि मळीला तोटा नाही. दुधातल्या केसिनचंही तसंच, चामड्याला झिलई देण्यासाठी ते फार वर्षं वापरलं गेलं आहे. पण या दोन्ही गोष्टी बापूंच्या बाजूने नाहीत. केसिन दुधातून वेगळं काढावं लागतं, अल्कलीत विरघळवावं लागतं, फॉर्मॅलिनने पक्कं करावं लागतं. काकवीही आम्लाशी झुंज घेऊनच बुटावर चढत असे. म्हणजे साहित्य घरचं, पण काम प्रक्रियेचं. आणि ही गोष्ट वारणेच्या काठावर कुणी समजावून सांगायला नको. तात्यासाहेब कोरे यांनी इथे साखर कारखाना उभा केला, पाठोपाठ १९६८ साली दूध संघ निघाला, तो नुसता ऊस आणि नुसतं दूध विकून भागत नाही म्हणूनच. इथल्या माळाचं नगर झालं ते प्रक्रियेवर, आणि वारणेचं श्रीखंड महाराष्ट्रभर गेलं तेही प्रक्रियेवर. त्याच संघाचा सभासद असलेले बापू कच्ची साय बुटाला लावून प्रक्रिया म्हणजे थोतांड असं सांगतात, याला काय म्हणावं!

कुणी म्हणेल, काटकसर करणाऱ्या शेतकऱ्याची चेष्टा कशाला? चेष्टा काटकसरीची नाही. खरा काटकसरी बुटाला तळवा लावून घेतो आणि तोच जोड दहा वर्षं वापरतो. बापूंचा जोड प्रयोगांनी मरतो, आणि हे प्रयोग येतात पडद्यावरून. १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पात वारणा परिसरातल्या सुमारे सत्तर गावांसाठी संगणक आले, तेव्हा हेतू ऊस-दुधाचे व्यवहार आणि शेतीची माहिती हा होता. आता मोबाईलवर बापूंना केळीची साल, टूथपेस्ट, लिंबू आणि खायचा सोडा यांचे व्हिडिओ येतात आणि सगळे पाळीपाळीने बुटावर उतरतात. केळीची साल निरुपद्रवी, फक्त चिकट. टूथपेस्ट खरवडते, म्हणून पांढऱ्या रबरी तळव्याला ठीक, चामड्याला नको. सोडा सगळ्यात वाईट, कारण चामडं मुळात आम्लधर्मी असतं आणि अल्कलीने ते कोरडं पडून तडकतं. त्या मानाने साय सज्जन म्हणायची.

तुमच्या घरी असे बापू असतील तर वाद घालू नका, त्यांना काम द्या. पावसात भिजलेला बूट आधी पुसून घ्यायचा, आत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे भरायचे, आणि वारं लागेल अशा सावलीत ठेवायचा. चुलीपाशी किंवा उन्हात ठेवला तर चामडं आक्रसतं. पुरता वाळला की ब्रश मारायचा, मग नखावर मावेल एवढं पॉलिश, आणि पुढे हवं तितकं घासणं. यातलं पॉलिश सोडलं तर सगळं घरच्या घरीच होतं, तेव्हा बापूंची हरकत नसावी.