सिलिंडर रुंद, रस्ता तेवढाच

लडाखचा प्रवास मनालीला सुरू होतो असे नकाशा सांगतो. मराठी मुलुखात तो चांगला सहा महिने आधी सुरू होतो, गॅरेजबाहेर उपड्या घातलेल्या ऑइलच्या डब्यावर बसून, कटिंग चहाच्या साक्षीने. हॉटेल कुठले, दिवस किती, बरोबर कोण हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न असतो तो हिमालयनला बिग बोअर किट बसवायचे का आणि कितीचे. रॉयल एन्फिल्डची ही हिमालयन २०१६ साली आली. इंजिन ४११ सीसीचे, बोअर ७८ मिलिमीटर, स्ट्रोक ८६, ताकद २४.३ बीएचपी आणि टॉर्क ३२ न्यूटन मीटर. गाडी दगडधोंडे पचवते, ओढे ओलांडते, पडली तर फारसा कांगावा करत नाही. घाई तेवढी करत नाही, आणि घाई न करणारे वाहन पुण्यात बाळगणे हे इभ्रतीला धरून नसते. म्हणून सिलिंडर रुंद करायचा. माझा आक्षेप एवढाच आहे, की किट निवडताना लोक किटचा तक्ता वाचतात, ज्या रस्त्यावर जायचे तो रस्ता वाचत नाहीत. तो वाचला तर बहुतेक किटे दुकानातच राहतील.

तक्ता मोहक असतो हे मान्य केले पाहिजे. बोअर वाढला की घनफळ त्याच्या वर्गाच्या हिशेबाने वाढते, त्यामुळे ७८ चा पिस्टन काढून ८३ चा घातला तर जेमतेम पाच मिलिमीटरांत ४११ चे ४६५ सीसी होतात. तेरा टक्के वाढ! बँकेच्या ठेवीवर एवढी मिळत नाही. ताकदही तेरा टक्क्यांनी वाढली असे उदार मनाने धरू. पण वेग वाढवायला लागणारी ताकद वाऱ्याच्या अडथळ्यामुळे वेगाच्या घनाच्या हिशेबाने वाढत जाते. म्हणजे गाडी आधी ताशी १२५ किलोमीटर पळत असेल तर आता १३० पळेल. या पाच किलोमीटरांसाठी ब्लॉक, पिस्टन, गॅस्केट, मजुरी आणि घरच्यांशी बोलावे लागलेले खोटे, असा सगळा खर्च. शिवाय हे १३० काढायचे कुठे? चौपदरी महामार्गावर मोटरसायकलला केंद्राने ठरवलेली कमाल मर्यादा ८० ची. जिथे रस्ता खरोखर तसा आहे त्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही. तिने जुन्या रस्त्याने लोणावळ्याची चिक्की बघत बघत जायचे.

आता पुण्याहून उत्तरेकडे निघू. नाशिक फाटा ते चाकण हा टप्पा पाहिला तर इथे सिलिंडरापेक्षा क्लचच्या केबलचा आणि डाव्या पंजाचा कस लागतो. चाकणच्या कंटेनरांमागे ४११ आणि ४६५ ही दोन्ही इंजिने अगदी समान वेगाने उभी राहतात. संगमनेरच्या बाजूला गळीत हंगामात उसाची ट्रॉली आडवी येते. तिला ओलांडायला सीसी लागत नाहीत, पलीकडचे दिसावे लागते, आणि ऊस तर ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. धुळ्याच्या पुढे मध्य प्रदेशात शिरून बिजासन घाट ओलांडला की मैदान लागते, आणि तिथला शत्रू म्हणजे ऊन. एअर-कूल्ड इंजिनात जास्त इंधन जाळले की जास्त उष्णता निघणार. ती वाहून न्यायला कारखान्याने दिलेले फिन्स आणि ऑइल कूलर मात्र ४११ च्याच मापाचे. अनेकजण तर हा भागच टाळतात आणि गाडी रेल्वेने पार्सल करतात. रेल्वेचा नियम टाकी रिकामी करण्याचा. म्हणजे एवढ्या हौसेने वाढवलेले सीसी गोणपाटात गुंडाळून, पेट्रोलचा थेंब न जाळता, निम्मा देश डब्यातून ओलांडतात. आणि लेबलावर लिहिलेले असते : वापरलेली मोटरसायकल.

किटवाल्यांची बाजू जिथे खरोखर भक्कम आहे ती जागा निराळीच. मागे बायको, दोन्ही अंगांना बॅगा, मध्ये तंबू आणि त्यावर ‘असू दे, लागेल’ म्हणून बांधलेला चिवड्याचा डबा. अशी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ताशी चाळीसने चढ चढत असताना इंजिन धापा टाकू लागते आणि दुसरा गिअर टाकावा तर किंचाळते. इथे तेरा टक्के टॉर्क वाढला तर सुख आहे, त्यात वाद नाही. मात्र याच सुखाचा स्वस्त अवतार चेनच्या पुढच्या टोकाला बसलेला असतो. पुढचे स्प्रॉकेट १५ दातांचे असेल तर १४ दातांचे घाला. चाकाला पोचणारा टॉर्क सात टक्क्यांनी वाढतो. म्हणजे किटचा निम्मा फायदा काही शे रुपयांत, आणि नाही आवडले तर अर्ध्या तासात पूर्वीचे परत. पण ‘मी स्प्रॉकेट बदलले’ या वाक्यावर गॅरेजात कोणी मान वर करून बघत नाही, हा त्याचा दोष.

तरी लोक म्हणतात, खरी परीक्षा खिंडींत, तिथे हवा विरळ, तिथे प्रत्येक सीसी मोलाचा. हिशेब करून पाहू. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे. तिथल्या पाटीवर बरीच वर्षे १८,३८० फूट लिहिलेले होते, प्रत्यक्षात उंची १७,५८२ फूट भरते. म्हणजे बिग बोअरचा मोह खिंडीलाही सुटलेला नाही. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. इंजिन हवेवर जगते, तेव्हा २४ बीएचपीची हिमालयन तिथे बारा-एक बीएचपीची उरते. आपली यामाहा आरएक्स १०० मुंबईत ११ बीएचपी देत असे. किट घातल्यावर या बाराचे साडेतेरा होतात. दीड बीएचपी! आणि त्याची किंमत तांदीला कळते. मनाली-लेह रस्त्यावर तांदीच्या पंपाशी पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची प्रसिद्ध पाटी आहे. टाकी १५ लिटरची. लिटरला तीसचे अ‍ॅव्हरेज असेल तर ४५० किलोमीटर, सुखाने लेह. किटमुळे तेच पंचवीसवर आले तर ३७५. उरलेल्या दहा किलोमीटरांत फोटो काढायला मागे वळता येणार नाही.

या सगळ्यावरचे सर्वांत बोलके उत्तर कंपनीनेच देऊन ठेवले आहे. २०२३ च्या अखेरीस नवी हिमालयन आली ती ४५२ सीसीची. घनफळ वाढले दहा टक्के आणि ताकद झाली सुमारे ३९.५ बीएचपी, म्हणजे साठ टक्क्यांहून जास्त वाढ. ही ताकद नुसत्या बोअरमधून आलेली नाही. हेडमध्ये दोनाऐवजी चार व्हॉल्व्ह, दोन कॅमशाफ्ट, थंड करायला पाणी आणि स्ट्रोक उलट आखूड, ८१.५ मिलिमीटर, म्हणजे इंजिन जास्त फेऱ्यांना मोकळेपणी श्वास घेते. जुन्या हेडखाली नुसता सिलिंडर रुंद करणे म्हणजे घसा तेवढाच ठेवून पोट वाढवणे. हेड तेच राहिल्यामुळे कॉम्प्रेशनही चढते, आणि मग साध्या पेट्रोलवर मैदानातल्या उन्हात इंजिन ठोके देऊ लागते. खिंडीत हा त्रास कमी, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे, पण खिंडीपर्यंत मैदानातूनच जावे लागते. त्यात इंजेक्शनची गाडी असली तर सावकाश चालीत ऑक्सिजन सेन्सर सांभाळून घेतो. थ्रॉटल पूर्ण पिळला की ईसीयू पाठ केलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल सोडतो, आणि तो तक्ता ४११ चा. म्हणून आणखी एक डबा घ्या, वायरिंगला सांधा, ट्यूनिंग करा. शिवाय व्हायब्रेशन दाबणारा बॅलन्सर जुन्या पिस्टनच्या वजनाला जुळवलेला. नवा पिस्टन जड निघाला तर झंडू बामचा खर्च वेगळा धरावा.

‘हौसेला मोल नाही’ हा शेवटचा आक्षेप. मोल नसेल, कलम आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातले तपशील आणि कंपनीने ठरवलेले तपशील यांत फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. सीसीचा आकडा आरसीत छापलेला असतो. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर कॅलिपर घेऊन आला तर त्याला पाच मिलिमीटर नक्की दिसतील. किट ट्रॅकवर पळवायच्या गाडीला शोभते. तिथे पेट्रोल पंप जवळ असतो आणि मागच्या सीटवर कोणी नसते.

तेव्हा लेहला निघणाऱ्याने ४११ ला ४११ च राहू द्यावे. त्या पैशांत नवे टायर, चेन-स्प्रॉकेटचा सेट, क्लचची एक जादा केबल, दोन ट्यूब आणि पाच लिटरचा कॅन येतो. तांदीला टाकी गळ्यापर्यंत भरा, आणि लेहला पोचल्यावर पहिले दोन दिवस गाडीला किल्ली लावू नका, कारण तिथे विरळ हवेत धाप आधी तुम्हाला लागणार आहे.